विकिपीडियावर पहिले संपादन कसे करावे
संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिले विकी, म्हणजे वाचकांना स्वतः बदलता येणारे, संकेतस्थळ सुरू केले, तेव्हापासून वाचकालाच लेखक होता येणे ही या साधनाची खरी ताकद राहिली आहे. नवख्याने आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, हात बसवावा. मग एखाद्या लेखातील लहानशी चूक, समजा चुकलेले जन्मवर्ष, विश्वासार्ह संदर्भ जोडून दुरुस्त करावी. जुन्या आवृत्त्या लेखाच्या ‘इतिहास’ या पानावर जपलेल्या असतात, त्यामुळे घाबरू नये. जतन करण्यापूर्वी सारांशाच्या चौकटीत ‘जन्मवर्ष दुरुस्त, संदर्भ जोडला’ असे लिहिण्याचा मात्र कंटाळा करू नये, कारण अनोळखी सहलेखकाला आपला हेतू त्या एका ओळीवरूनच कळतो. कोणी बदल उलटवल्यास तो पुन्हा लादू नये. त्या लेखाच्या चर्चापानावर आपले म्हणणे सविस्तर मांडून शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकून सही करावी.