जुनी फोर-बाय-फोर जीप ढकलूनही हलत नाही? या चुका टाळा

पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली महिंद्राची एमएम ५४० किंवा मारुतीची जिप्सी बाहेर काढायची म्हणून न्यूट्रल केली, चौघांनी जोर लावला, तरी जागची हलत नाही. लगेच संशय ट्रान्सफर केसवर (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीवर) जातो आणि गिअर उघडायची बोलणी सुरू होतात. एवढी घाई करू नका. अशा गाडीत दोष बहुतेक वेळा ब्रेक ड्रममध्ये (चाकाच्या आतल्या ब्रेकच्या डब्यात) सापडतो आणि तो शोधायला जॅक व पाना पुरतो.

आधी जिवाची काळजी. तपासणीसाठी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. जुन्या विलिस वळणाच्या जीपला हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर असतो. तिथे तर तो ओढलेला असला तरी मागचं एक चाक उचलताच डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) दुसरं मोकळं होतं आणि गाडी घसरू शकते. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

आता गिअर आणि ट्रान्सफर केस दोन्ही न्यूट्रल करून एकेक चाक उचला आणि हाताने फिरवा. गिअर ऑइलमुळे थोडं जड लागणारच. एकच चाक जाम असेल तर त्याचाच ड्रम किंवा बेअरिंग बघा. मागची दोन्ही धरत असतील तर हँडब्रेकची गंजलेली केबल किंवा मागच्या अ‍ॅक्सलचा ब्रेक होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी). चारही धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप).

पुढची चूक म्हणजे थेट मास्टर सिलिंडर बदलणं. त्याआधी त्याच्यावरचा पाइपचा नट किंचित सैल करा. चाकं सुटली तर ऑइल मागे परतत नाही: पेडलच्या पुशरॉडला (पेडल व सिलिंडर जोडणाऱ्या दांड्याला) मोकळीक नसेल किंवा परतीचं छिद्र तुंबलं असेल. तिथे सुटली नाहीत, पण चाकावरचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) उघडल्यावर सुटली, तर होज आतून फुगून बंद झालाय. बाहेरून तो अगदी नवा दिसतो, म्हणून फसायला होतं. ब्लीडर उघडूनही चाक हललं नाही तर अडचण यांत्रिक आहे. तपासून झालं की नट घट्ट करून ब्रेकमधली हवा काढायला विसरू नका.

गंजाने शू (ड्रमला आतून दाबणारी ब्रेकची पट्टी) ड्रमला चिकटला असेल तर ट्रॅक्टरने ओढू नका, शूवरचा लायनर (घर्षणाचा थर) उखडून येतो. अ‍ॅडजस्टर (शू व ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू) सैल करून ड्रमच्या कडेवर चहूबाजूंनी लाकडी हातोडीने ठोका. ड्रम निघाल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल पडलं असेल तर मात्र सगळी रबरं फुगतात आणि ती सगळीच बदलावी लागतात.

चाकं मोकळी फिरतात, तरीही गाडी अडते? मग ती कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळवली होती का, ते आठवा. या गाड्यांना मध्ये डिफरन्शियल नाही, त्यामुळे पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ बसतो आणि ट्रान्सफर केसचा लिव्हर फोर-व्हीलमधून निघत नाही. सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटेल. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ पुन्हा बसतो.