महागडा डिफेन्स स्टार घ्यायचा का? टीम्स दरवर्षी करतात त्या चुका टाळा

मार्च आला की आमच्या फिलाडेल्फियाजवळच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर पाडव्याच्या श्रीखंडाच्या ऑर्डरी आणि एनएफएलची फ्री एजन्सी (कॉन्ट्रॅक्ट संपलेले प्लेअर मोकळे होऊन दुसऱ्या टीमकडे जातात तो काळ) हे दोन्ही विषय एकदमच सुरू होतात, आणि दरवर्षी कोणीतरी एखादं नाव टाकतंच की अरे हा डिफेन्सवाला मोकळा झालाय, काय लागतील ते पैसे द्या पण आणा ह्याला. २०११ ला हे लिहिणारा मी होतो, आणि अगदी मनापासून लिहिलं होतं. त्या सीझनचं जे झालं ते बघून मला हा विषय नीट समजून घ्यावासा वाटला, म्हणून हा लेख.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो, एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, आणि इथे आयपीएल ऑक्शनला जशी पर्स असते तशी सॅलरी कॅप असते, २०२५ ला एका टीमची कॅप होती २७ कोटी ९२ लाख डॉलर. ऐकायला खूप वाटतं पण त्यात ५३ जण बसवायचे असतात, त्यामुळे एकाला वर्षाला २ कोटी दिले की ते दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून जातात.

सगळ्यात मोठी चूक: प्लेअर घेताना त्याचं काम न बघणं

लोक विचारतात "चांगला आहे का?" अहो, इतके पैसे मागतोय म्हणजे चांगला असणारच. विचारायचं हे की तो जिथे चांगला ठरला तिथे त्याला नक्की काय करायला सांगायचे आणि आपला कोच त्याला काय करायला सांगणार आहे. ही दोन उत्तरं जुळत नसतील तर फुकट मिळाला तरी महाग आहे.

अल्बर्ट हेन्सवर्थ घ्या. टेनेसीत २००८ ला ८.५ सॅक (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला, बॉल टाकणाऱ्याला, बॉल टाकायच्या आधीच पाडणं; दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा अर्धा), आणि तो डिफेन्सच्या पुढच्या फळीतला आतला टॅकल, कडेने धावून जाणारा रशर नाही, म्हणजे हा आकडा खरंच भारी. तिथे त्याचं काम एकच, समोरची एक गॅप पकडायची आणि सुसाट आत घुसायचं, आणि मधे मधे बाहेर बसून दम घ्यायचा. फेब्रुवारी २००९ ला वॉशिंग्टनने त्याला ७ वर्षांचे १० कोटी डॉलर दिले, त्यातले ४ कोटी १० लाख गॅरंटीड. पहिल्या वर्षी टीम ४-१२, म्हणजे ४ मॅच जिंकल्या, १२ हरल्या. मग २०१० ला माइक शॅनहन कोच म्हणून आला आणि त्याने डिफेन्स ३-४ केला (पुढच्या फळीत ३ जण, त्यांच्या मागे ४ लाइनबॅकर), म्हणजे हेन्सवर्थने आता मधोमध नोज टॅकल म्हणून उभं राहायचं, दोन दोन जण अंगावर घ्यायचे आणि मागच्या लाइनबॅकर्सना मोकळं करायचं. त्याला ते नकोच होतं. ऑफसीझनच्या प्रॅक्टिसला आला नाही, मग कॅम्पमधली फिटनेस टेस्ट पास व्हायला त्याला दहा दिवस लागले, आणि डिसेंबरमध्ये टीमनेच उरलेल्या ४ मॅचसाठी सस्पेंड केलं. दोन सीझनमध्ये २० मॅच, ६.५ सॅक, आणि शेवटी ड्राफ्टमधल्या (जिथे टीम्स कॉलेजचे प्लेअर निवडतात) पाचव्या राउंडच्या एका पिकवर न्यू इंग्लंडला दिला. लोक म्हणतात आळशी निघाला. वागला तो चुकीचंच, त्यात काही वाद नाही, पण मला वाटतं अर्धी चूक टीमची, कारण धावायला घेतलेल्या घोड्याला त्यांनी नांगराला जुंपला.

आता आमचं दुखणं. ननाम्दी असोमुआ. ओकलंडमध्ये हा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला, म्हणजे बॉल झेलणाऱ्याला, राखणारा) एका बाजूला उभा राहायचा, समोरच्या रिसीव्हरला लाइनवरच छातीशी भिडून अडवायचा, आणि क्वार्टरबॅक त्या बाजूला बॉल टाकायचेच नाहीत. अर्धं मैदान बंद. जुलै २०११ ला आमच्या फिलाडेल्फियाच्या ईगल्सने ५ वर्षांचे ६ कोटी दिले, २.५ कोटी गॅरंटीड, आणि आम्ही सगळे हवेत. पण तेव्हा परिस्थिती काय होती ते आठवा: लॉकआउट (मालक आणि प्लेअरच्या वादात लीगचं काम बंद) नुकताच संपलेला, म्हणजे उन्हाळ्यातली प्रॅक्टिस झालेलीच नाही, डिफेन्स कोऑर्डिनेटर (डिफेन्सचा मुख्य कोच) नवा, आणि नवा म्हणजे कसा तर हुआन कास्तियो, जो त्याआधी आमच्याच टीममध्ये ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच होता. त्यात कॉर्नरला आधीच असान्ते सॅम्युअल आणि डॉमिनिक रॉजर्स-क्रोमार्टी, म्हणजे तीन मोठी नावं आणि जागा दोन. मग असोमुआला कधी आत, कधी झोनमध्ये (माणूस नाही, जागा राखायची), कधी सगळ्यात मागे सेफ्टीजवळ असं फिरवलं, ज्यातलं काहीच त्याने वर्षानुवर्षं केलेलं नव्हतं. आम्ही १-४ ने सुरुवात केली, कसेबसे ८-८ ला आलो, पुढच्या वर्षी ४-१२, कास्तियो मध्येच गेला आणि मार्च २०१३ ला असोमुआ पण रिलीज. दोन वर्षांत ४ इंटरसेप्शन (समोरच्या टीमने टाकलेला बॉल मध्येच पकडणं). तेव्हा मी त्याला खूप शिव्या घातल्या, आज मागे वळून बघताना मला त्याचं वाईट वाटतं, माणूस ३० वर्षांचा होता आणि त्याला एक गोष्ट जगात सगळ्यात चांगली येत होती आणि आम्ही नेमकी तीच त्याच्याकडून करून घेतली नाही.

म्हणून तपासायचं काय, तर त्या प्लेअरचे मागच्या दोन सीझनचे स्नॅप, म्हणजे तो मैदानात असतानाची प्रत्येक खेळी बघा, हायलाइट्स नाही, स्नॅप. कुठे उभा राहतो, किती वेळा मागे कव्हरेजला (रिसीव्हर राखायला) जातो, तिसऱ्या डाउनलाच (चार प्रयत्नांतला तिसरा, तेव्हा बहुतेक पास टाकतात) मैदानात येतो की सगळे डाउन खेळतो, त्याच्या शेजारी कोण होतं. आणि आपला कोऑर्डिनेटर पुढच्या वर्षी इथे असेल का हे पण बघा, कारण कॉन्ट्रॅक्ट ५ वर्षांचं असतं आणि कोऑर्डिनेटर बऱ्याचदा दोन वर्षांत बदलतो.

हेडलाइनचा आकडा खरा मानणं

बातमीत येतं १० कोटी, ११ कोटी, आणि त्याच्यावरच वाद सुरू होतो. त्या आकड्यातला बराचसा भाग प्लेअरला कधी मिळतच नाही, कारण गॅरंटीड नसलेली वर्षं टीम कापून टाकू शकते. बघायचं ते गॅरंटीड किती, साइनिंग बोनस किती, आणि कोणत्या वर्षी फार नुकसान न होता बाहेर पडता येतं.

साइनिंग बोनस कॅपवर जास्तीत जास्त ५ वर्षांत वाटून लावता येतो. समजा २ कोटी बोनस दिला आणि कॉन्ट्रॅक्ट ५ वर्षांचं, तर दरवर्षी ४० लाख. दोन वर्षांनी काढला तर उरलेले १ कोटी २० लाख कॅपवर येऊन पडतात, माणूस टीममध्ये नाही पण पैसे मोजले जातायत, ह्यालाच डेड मनी म्हणतात. १ जूननंतरचा रिलीज म्हणून दाखवलं तर हा बोजा दोन वर्षांत विभागता येतो, पण तो जात नाही, फक्त पुढे सरकतो.

मायामीने २०१५ ला टॅकल न्दामुकन सूला ६ वर्षांचे ११ कोटी ४० लाख दिले, गॅरंटीड जवळपास ६ कोटी. पहिल्या वर्षी कॅपवर फक्त ६१ लाखांच्या आसपास लागले, म्हणून सगळ्यांना वाटलं वा, काय डील आहे. दुसऱ्या वर्षी तोच आकडा २ कोटी ८६ लाखांवर उडी मारणार होता, मग त्यांनी रिस्ट्रक्चर केलं, म्हणजे त्या वर्षाचा पगार बोनसमध्ये बदलून पुढच्या वर्षांवर ढकलला, आणि २०१८ पर्यंत आकडा परत २ कोटी ६१ लाखांवर आला आणि त्यांनी त्याला सोडलं. आता ह्यात सूचं काय चुकलं? तीन सीझन, एकही मॅच चुकवली नाही, १५.५ सॅक, दोन जण त्याला अडवायला लागायचे. टीमचा रेकॉर्ड ६-१०, १०-६, ६-१०. एक टॅकल कितीही जबरदस्त असला तरी तो लाइनबॅकर्सच्या जागा भरू शकत नाही, आणि त्या भरायला जे पैसे लागत होते ते ह्याच्यावर अडकले होते. तोट्यातल्या टीमने सगळ्यात महाग माणूस आधी घेतला की हे असं होतं, भिंती बांधायच्या आधी झुंबर आणल्यासारखं.

वय आणि मागच्या वर्षाचा आकडा

व्हॉन मिलरला बफलोने मार्च २०२२ ला ६ वर्षांचे १२ कोटी दिले तेव्हा तो ३३ ला टेकलेला. ह्या डीलवर मी टीका करणार नाही, कारण बफलो खरंच जिंकायच्या उंबरठ्यावर होती आणि त्यांना शेवटच्या पाच मिनिटांत क्वार्टरबॅकला पाडणारा माणूस हवा होता, आणि पहिल्या ११ मॅचमध्ये त्याने ८ सॅक दिले पण. मग थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये गुडघा गेला. २०२३ ला १२ मॅच, सॅक शून्य. ह्यात शिकायचं एवढंच की तिशीपुढच्या प्लेअरला घेताना गॅरंटी पहिल्या दोन वर्षांपलीकडे जाता कामा नये, कारण तिसऱ्या वर्षी गुडघा काय म्हणेल हे डॉक्टरला पण सांगता येत नाही.

अजून एक छोटी गोष्ट जी फॅन्स विसरतात: दुसऱ्या टीमचा कॉन्ट्रॅक्ट संपलेला प्लेअर घेतला तर तुमचा गेलेल्या प्लेअरच्या बदल्यात मिळणारा कॉम्पेन्सेटरी ड्राफ्ट पिक रद्द होऊ शकतो. टीमने स्वतः काढून टाकलेला प्लेअर ह्या हिशोबात धरत नाहीत. त्यामुळे दोघे सारखेच असतील तर रिलीज झालेला घ्या.

उलट टोकाची चूक: "महाग फ्री एजंट कधीच घ्यायचा नाही"

हे पण चूक आहे, आणि अलीकडे हे म्हणणारे खूप झालेत. रेजी व्हाइट १९९३ ला ग्रीन बेला गेला, ४ वर्षांचे १ कोटी ७० लाख, त्या काळात डोळे फिरवणारी रक्कम, आणि त्याच कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या सीझनला ते सुपर बोल जिंकले, फायनलमध्ये त्याचे एकट्याचे ३ सॅक. (आमचाच प्लेअर होता तो, ईगल्सचा, ही जखम वेगळी.) चार्ल्स वुडसन पण तिथेच २००६ ला गेला, तेव्हा त्याच्यासाठी फारशी रांग नव्हती, आणि २००९ ला तो लीगचा बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेअर ठरला.

मला सगळ्यात आवडतं उदाहरण कॅलेस कॅम्पबेलचं. जॅक्सनव्हिल २०१६ ला ३-१३ होती. २०१७ ला त्याला ४ वर्षांचे ६ कोटी दिले, वय तिशीत, आणि त्याचं काम पण बदललं, अॅरिझोनात तो जास्त आतल्या बाजूला खेळायचा, इथे त्याला नेहमीच्या डाउनला कडेला लावलं आणि पासिंग डाउनला परत आत आणलं. तरी १४.५ सॅक, त्याच्या करिअरमधले सगळ्यात जास्त, टीमचे ५५, आणि कॉन्फरन्स फायनलमध्ये (सुपर बोलच्या आधीची मॅच) पॅट्रिअट्सकडून २०-२४ असे चार पॉइंटने हरले. मग वर मी जे म्हणालो त्याच्या विरुद्ध झालं का हे? नाही झालं, कारण तिथे बदल विचार करून केलेला होता, त्याच्या उंचीचा आणि लांब हातांचा उपयोग कुठे होईल हे ठरवून, आणि शेजारी यानिक एन्गाक्वे आणि मलिक जॅक्सन, मागे जेलन रॅम्झी आधीच उभे होते. भिंती होत्या.

घेतला, आणि चालत नाहीये. आता काय?

आधी सॅक मोजणं बंद करा आणि त्याला कुठे उभा करताय ते बघा. नवीन आहे म्हणून पहिले पाच-सहा आठवडे द्यायला हरकत नाही. त्यानंतरही तो तेच करतोय जे त्याला येत नाही, तर कोचने आपली खेळायची स्कीम वाकवायची की प्लेअर सोडायचा हे ठरवायला हवं, दोन्ही टाळून सीझन रेटू नका. आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याचं कॉन्ट्रॅक्ट कॅपची जागा करायला रिस्ट्रक्चर तर अजिबात करू नका, त्याने तुम्ही त्याच्याशी अजून दोन वर्षं बांधले जाता.

प्लेअरला न येणारं काम देणं आणि जमणारं काम शोधून देणं, २०२४ ला आमच्याच टीममध्ये ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बघायला मिळाल्या. ब्राइस हफ, जेट्समध्ये १० सॅक, पण तिथे तो निम्म्याहून कमी स्नॅप खेळायचा आणि फक्त क्वार्टरबॅकच्या मागे धावायचा. त्याला ३ वर्षांचे ५ कोटी ११ लाख दिले. कोऑर्डिनेटर विक फँजिओच्या डिफेन्समध्ये कडेच्या माणसाला रन (बॉल घेऊन धावणारा) अडवावा लागतो, कव्हरेजला पण जावं लागतं. मध्ये मनगटाचं ऑपरेशन झालं हे खरं, पण सीझनभरात २.५ सॅक आणि सुपर बोलला फिट असून टीममध्ये नाव नाही. ईगल्सने हट्ट केला नाही, लगेच उन्हाळ्यात सॅन फ्रॅन्सिस्कोला देऊन टाकला. त्याच मार्चमध्ये झॅक बॉन ३५ लाखांत एका वर्षासाठी आला होता, सेंट्समध्ये तो कडेला आणि स्पेशल टीम्समध्ये (किकच्या वेळी उतरणारे) होता, फँजिओने त्याला आतला लाइनबॅकर केला आणि तो थेट ऑल-प्रो (लीगमधल्या सर्वोत्तमांत निवड), सुपर बोलमध्ये समोरचा क्वार्टरबॅक महोम्सचा बॉल पण त्याने पकडला.

त्या ४०-२२ च्या फायनलमध्ये जॉश स्वेटचे २.५ सॅक होते आणि मिल्टन विल्यम्सचे २. महिन्याभरात दोघे फ्री एजंट. स्वेटला अॅरिझोनाने ४ वर्षांचे ७ कोटी ६४ लाख दिले, विल्यम्सला न्यू इंग्लंडने १० कोटी ४० लाख, आणि हाउई रोझमनने, जो २०११ ला पण आमचा जनरल मॅनेजर होता, दोघांना जाऊ दिलं. ग्रुपवर त्या रात्री नुसता गोंधळ, कप जिंकून देणाऱ्यांना कोणी सोडतं का वगैरे. मी लिहिलं की आत जेलन कार्टर आणि जॉर्डन डेव्हिस आहेत, कडेला नोलन स्मिथ आहे, तिघे अजून रुकी कॉन्ट्रॅक्टवर (ड्राफ्टनंतरचं पहिलं, स्वस्त कॉन्ट्रॅक्ट), आणि बॉनचे ३ वर्षांचे ५ कोटी १० लाख ह्यातूनच निघालेत, म्हणजे हफला दिले होते जवळपास तेवढेच, पण ह्या वेळी आपल्या डिफेन्समध्ये तो काय करतो हे सीझनभर डोळ्यांनी बघून मग दिलेले. हे सगळं पटलेलं असूनही स्वेटची बातमी वाचून मला वाईट वाटलंच, सात सीझन त्याला बघत होतो.