सिंगापूरहून क्रूझला निघताय? या चुका टाळा

मुंबई-पुण्याहून पहिल्यांदाच परदेशी क्रूझला जाणारी बरीच कुटुंबं सिंगापूरहून सुटणारी तीन ते पाच रात्रींची फेरी निवडतात. सिंगापूर, मग मलेशियातलं पेनांग किंवा पोर्ट क्लांग, थायलंडमधलं फुकेत आणि परत सिंगापूर. निवड चांगली आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीत समुद्र सहसा शांत असतो, आणि भारतीय प्रवासी भरपूर असल्यामुळे डाळ-भातापासून जैन जेवणापर्यंत सोय होते. (जैन जेवण मात्र बुकिंग करतानाच लेखी कळवा.) पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हॉटेल आवडलं नाही तर बदलता येतं, विमान चुकलं तर दुसरं मिळतं. जहाज एकदा धक्क्यावरून सुटलं की जे घरी राहिलं, जे भरलं नाही आणि जे विचारलं नाही, त्याला भर समुद्रात इलाज नसतो. त्यामुळे सगळी तयारी बॅग भरण्याच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते.

"आम्ही उतरणारच नाही, मग व्हिसा कशाला?"

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जहाज ज्या देशांच्या बंदरांना लागतं त्या प्रत्येक देशाचे प्रवेशाचे नियम तुम्हाला लागू होतात, मग तुम्ही केबिनबाहेर पाऊल टाका किंवा टाकू नका. कागदपत्रं सिंगापूरच्या काउंटरवरच तपासली जातात. एखादं कमी असेल तर तिथूनच परत पाठवतात, आणि भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट सिंगापूरच्या व्हिसाची. जहाजावर चढताना तुमची सिंगापूरमधून अधिकृत निर्गमनाची नोंद होते, आणि चार दिवसांनी परत याल तेव्हा तो नवा प्रवेश धरला जातो. म्हणून व्हिसा हातात आला की त्यावर 'मल्टिपल' लिहिलंय का ते आधी पाहा. मलेशिया आणि थायलंडने भारतीयांना व्हिसातून दिलेली सूट वेळोवेळी बदलत आली आहे. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या नातेवाइकांच्या माहितीवर विसंबू नका. बुकिंगच्या वेळी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

आता एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरमध्ये प्रवेशासाठी भरायचा फॉर्म. सिंगापूरला पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आतच ते ऑनलाइन भरता येतं. विमानाने जाताना सगळे आठवणीने भरतात, पण जहाजाने परतताना तेच पुन्हा भरायचं असतं हे राहून जातं. हिशोब करा: सोमवारी निघालात आणि शुक्रवारी परत येणार, तर ते भरता येतं बुधवारपासून. म्हणजे त्या वेळी तुम्ही जहाजावर असता. मधल्या बंदरात रोमिंग चालू असेल तेव्हाच सगळ्या कुटुंबाची कार्डं भरून स्क्रीनशॉट काढून ठेवा. हे कार्ड फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही.

नावांचंही बघा. आपल्याकडे पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. जहाजाचं तिकीट, विमानाचं तिकीट आणि व्हिसा तिन्हीकडे अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे हवं. लग्नानंतर पासपोर्ट बदलला नसेल तर तिकीटही माहेरच्याच नावाने काढा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी.

गरोदर प्रवाशांना फेरी संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागणार असेल तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळांनाही नाही. हे बुकिंगच्या आधी विचारायचं.

जाहिरातीतलं भाडं म्हणजे पूर्ण खर्च नव्हे

जाहिरातीतला आकडा बहुधा दोघांच्या केबिनमधल्या एका माणसाचा असतो. त्यावर बंदर शुल्क आणि कर येतात, भारतातून पॅकेज घेतलं तर टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो (तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पावती जपा), आणि जहाजावर रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची टिप, लागते. ही ग्रॅच्युइटी माणशी, दररोज, साधारण १६ ते २० अमेरिकी डॉलर धरा. चौघांचं कुटुंब, चार रात्री, १८ डॉलर दर म्हटला तर २८८ डॉलर होतात, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या घरात. मुलांनाही ती लागते. बुकिंग करताना आगाऊ भरता येत असेल तर भरून टाका.

भाड्यात मुख्य रेस्टॉरंट, बुफे, पाणी, साधा चहा-कॉफी, शो आणि पोहण्याचा तलाव येतो. कोल्ड्रिंक, मद्य, खास रेस्टॉरंटं, वायफाय आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. मद्याचं पॅकेज घेताना एक अट वाचा: बऱ्याच कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं.

आणि कार्ड! भारतीय बँकांची कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन 'इंटरनॅशनल' चालू करा, मर्यादा वाढवा. जहाजावरचा खर्च केबिनच्या कार्डावर चढतो आणि त्यासाठी कंपनी तुमच्या बँक कार्डावर काही रक्कम अडवून ठेवते. डेबिट कार्ड दिलंत तर ते खरे पैसे अडकतात आणि मोकळे व्हायला काही दिवस जातात. क्रेडिट कार्ड द्या.

केबिन नकाशा बघून घ्या

बोट लागण्याची भीती असेल तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची केबिन घ्या. सी-सॉ आठवा: टोकं वर-खाली होतात, मधला भाग जवळपास स्थिर राहतो. उंच डेकवरची पुढच्या टोकाची बाल्कनी दिसायला देखणी, पण हलते सर्वात जास्त.

कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक डेकचा नकाशा असतो. आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते पाहा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री उशिरापर्यंत दणदणाट. 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' म्हणजे खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असू शकते. 'गॅरंटी' दराने घेतलंत तर केबिन कंपनी ठरवते. स्वस्त पडतं, पण आजी-आजोबांची केबिन शेजारी मिळेलच असं नाही.

चौघांना एका केबिनमध्ये बसवण्याआधी खाटांचा विचार करा. तिसरी आणि चौथी खाट बहुधा छतातून खाली येते आणि शिडीने चढावं लागतं. साठीच्या पुढच्या माणसाला तिथे झोपवू नका.

त्याच दिवशीचं विमान आणि चुकीचं टर्मिनल

जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी सिंगापूरला उतरणारं विमान घेऊ नका. मुंबईत धावपट्टीमुळे तीन तास उशीर झाला तर जहाज थांबत नाही. चेक-इन सुटण्याच्या तासा-दीड तास आधीच बंद होतं. आदल्या दिवशी पोहोचा आणि एक रात्र शहरात काढा.

सिंगापुरात मोठ्या जहाजांची दोन टर्मिनलं आहेत: मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. पहिल्यासाठी मरीना साउथ पिअर हे मेट्रो स्टेशन, दुसऱ्यासाठी हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ टर्मिनल" सांगू नका. नाव तिकिटावर छापलेलं असतं, तेच दाखवा.

मुंबईहून सुटणाऱ्या देशी फेरीतही असाच घोळ होतो. 'गोवा' म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कळंगुट येतं, पण जहाज लागतं मुरगाव बंदरात, वास्कोजवळ. तिथून कळंगुट सुमारे ४० किमी. जाऊन-येऊन वाळूत बसायला तासभर उरतो. त्यापेक्षा दक्षिणेकडचे किनारे धरा.

सामान

मोठ्या बॅगा धक्क्यावरच द्यायच्या असतात आणि त्या केबिनपाशी संध्याकाळपर्यंत पोहोचतात. त्यात पासपोर्ट गेला तर चेक-इनच होत नाही. पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि एक जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. कंपनीने पाठवलेले टॅग घरीच छापून आणा.

आगीच्या भीतीमुळे काही वस्तू जहाजावर सरळ काढून घेतात: इस्त्री, प्रवासी केटल, पाणी तापवायचा रॉड, इंडक्शन, मेणबत्ती, अगरबत्ती, निरांजन. पूजा करायची तर ज्योतीशिवाय करा. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्डही चालत नाही. आपली जाड तीन पिनांची प्लग जहाजाच्या सॉकेटमध्ये बसत नाही. बारीक दोन गोल पिनांचे चार्जर आणि एक युनिव्हर्सल ॲडॅप्टर न्या. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार हूक नेलेत तर ओले कपडे आणि टोप्या टांगायची चांगली सोय होते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नये, तो बऱ्याचदा पुरेसा थंड होत नाही. जहाजाच्या दवाखान्यात ठेवायला आधी सांगा. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांपैकी काहींना सिंगापुरात आगाऊ परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी न्या आणि गोळीचं नाव आधी तपासा. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो, आणि इथला मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही. प्रवास विमा घेताना बीपी-शुगर लपवू नका, आणि जहाजावरून हॉस्पिटलपर्यंत हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते विचारा.

फुकेतचा एक तास

याच ठिकाणी सगळ्यात जास्त गफलत होते. सिंगापूर आणि मलेशियाचं घड्याळ एकच, थायलंडचं त्यांच्या एक तास मागे. जहाज बहुतेक वेळा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. फुकेतला उतरलात की फोन तिथलं नेटवर्क पकडतो आणि आपोआप एक तास मागे जातो. समजा, जहाजावर परतायची शेवटची वेळ ५ ची आहे. तुमचा फोन ४ दाखवतोय, तुम्ही पातोंगच्या बाजारात निवांत आहात, अजून तास आहे म्हणताय. जहाजाच्या घड्याळात ५ वाजलेत.

उपाय साधा आहे. फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा, किंवा मनगटावर साधं घड्याळ बांधून ते जहाजाच्या वेळेला लावा. उतरताना दारापाशी लावलेल्या फलकाचा फोटो काढा. परतीची वेळ आणि ती कुठल्या घड्याळाची, दोन्ही त्यावर असतं.

पातोंगला बरीच जहाजं धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकतात आणि छोट्या टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेतात. तेव्हा महत्त्वाची वेळ शेवटच्या टेंडरची, जहाज सुटण्याची नव्हे. रांग लागते, शेवटच्यावर राहू नका. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना हलत्या बोटीत पाऊल टाकणं अवघड जातं. पेनांगला उलट मजा आहे: स्वेटनहॅम पिअर जॉर्ज टाउनला लागूनच आहे, पायी हिंडता येतं. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूरला मात्र एका बाजूला तासाहून जास्त लागतो.

कंपनीची सहल घेतली आणि बस उशिरा आली तर जहाज थांबतं. बाहेरची टॅक्सी केलीत तर थांबत नाही. स्वस्त पडते म्हणून खुशाल करा, पण परतीच्या वेळेच्या दोन तास आधी बंदरात असाल असा बेत आखा. पासपोर्ट सोबत न्यायचा की जहाजावर ठेवायचा हे त्या दिवशीच्या सूचनेत असतं. काही असलं तरी पासपोर्ट, व्हिसा आणि कंपनीच्या स्थानिक एजंटच्या नंबराचा फोटो फोनमध्ये हवा. जहाज सुटलंच तर हाच एजंट तुम्हाला पुढे पाठवायची व्यवस्था करतो, खर्च तुमचा.

बोट लागली तर

ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. एव्होमिनसारखी गोळी निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते. ती झोप आणते, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, म्हणून घरच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. उपाशी राहू नका. कोरडी बिस्किटं आणि आलेपाक जवळ ठेवा, केबिनमध्ये मोबाइल बघत पडण्यापेक्षा डेकवर जाऊन क्षितिजाकडे नजर लावा. आणि बुफेच्या आधी साबणाने हात धुवा: जहाजांवर पसरणाऱ्या, जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसला सॅनिटायझर नीट आवरत नाही.

फोन, सराव आणि शेवटची रात्र

जहाज किनारा सोडतं तसा फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो. तुमचा मलेशिया-थायलंडचा रोमिंग पॅक तिथे चालत नाही, बिल वेगळं आणि जबर येतं. शिडी चढतानाच एअरप्लेन मोड लावा, मग फक्त वायफाय चालू करा.

सुरक्षिततेचा सराव टाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, ३२ जण गेले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालाच नव्हता. त्यानंतर सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेण्याचा नियम आला. व्हिडिओ पाहून आपल्या मस्टर स्टेशनवर (संकटात जमायच्या जागी) स्वतः चालत जा, आणि मुलांना तिथला जिना दाखवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा साधारण १०-११ पर्यंत केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी टर्मिनलवर मिळतात. सगळे कपडे आणि चपला त्यात गेल्यामुळे सकाळी झोपायच्या कपड्यांतच उतरावं लागलेले प्रवासी दर फेरीला दिसतात. सकाळचा जोड, दात घासायचं सामान आणि गोळ्या बाहेर काढल्यावरच कुलूप लावा. जहाज सकाळी ६-७ ला लागलं तरी इमिग्रेशन आणि बॅगांत दोन-तीन तास जातात, म्हणून परतीचं विमान दुपारी दोननंतरचं घ्या.