ऑन्टारियो सरकारच्या वीजखर्चातील पक्षपात कसा तपासावा

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात वीजबिल वाढले की सरकारने आपल्या माणसांची सोय पाहिली, असा आरोप लगेच सुरू होतो. लिबरल पक्षाच्या सरकारवर तो झाला आणि त्यानंतर आलेल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारवरही झाला. आरोपात तथ्य असले तरी तो मोघम शब्दांत केला तर झटकून टाकणे कोणत्याही मंत्र्याला सोपे जाते, आणि भुर्दंड मात्र ग्राहकाच्याच माथी राहतो. म्हणून ज्याला ही टीका जबाबदारीने करायची आहे, त्याने रक्कम किती मोठी आहे यापेक्षा निर्णय कोणी घेतला, केव्हा घेतला आणि नेहमीच्या प्रक्रियेतली कोणती पायरी गाळून घेतला, हे आधी शोधावे.

सुरुवात स्वतःच्या बिलापासून करावी. प्रांतातील वीजनिर्मितीचा मोठा भाग दीर्घ मुदतीच्या कंत्राटांवर किंवा नियामकाने ठरवून दिलेल्या दरांवर चालतो. घाऊक बाजारातला भाव या दरांपेक्षा खाली गेला की मधला फरक ग्राहकांकडून वसूल केला जातो, आणि त्या वसुलीला ग्लोबल ॲडजस्टमेंट म्हणतात. नियंत्रित दराने वीज घेणाऱ्या घरगुती ग्राहकाला ही रक्कम वेगळी दिसत नाही, कारण ती प्रतियुनिट दरातच मिसळलेली असते. बिलाच्या शेवटी मात्र ऑन्टारियो इलेक्ट्रिसिटी रिबेट नावाची वजावट ठळक दिसते. म्हणजे बोजा दरात विरघळलेला आणि सवलत स्वतंत्र ओळीत छापलेली, असे हे बिल आहे, आणि ते नीट समजल्याशिवाय पुढे जाऊ नये. २००६ ते २०१४ या काळात ग्राहकांनी ग्लोबल ॲडजस्टमेंटपोटी ३७ अब्ज डॉलर भरले, असे प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात नोंदवले. हा आकडा वापरताना एक पथ्य पाळावे. त्यात अणुऊर्जा आणि जलविद्युत प्रकल्पांचे ठरलेले दरही येतात, त्यामुळे संपूर्ण रकमेला उधळपट्टी म्हणणे चूक ठरेल.

बिलानंतर तिजोरीकडे वळावे. बिल कमी झाले याचा अर्थ खर्च कमी झाला असा होत नाही. बऱ्याचदा तो फक्त दुसऱ्या खिशातून भागवला जातो. लिबरल सरकारच्या २०१७ च्या फेअर हायड्रो या वीजसवलत योजनेत घरगुती बिले सरासरी २५ टक्क्यांनी खाली आणली गेली, पण त्यासाठी कर्ज उभारले गेले. ते कर्ज सरकारच्या स्वतःच्या हिशेबात दिसू नये अशा रचनेमुळे सुमारे ४ अब्ज डॉलरपर्यंत जादा व्याज पडू शकते, असा इशारा महालेखापरीक्षकांनी त्याच वर्षी दिला. पुढच्या सरकारने सवलती चालू ठेवल्या आणि त्यांचा भार करातून उचलला. विधिमंडळाच्या वित्तीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०२२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार वीजदर कमी ठेवण्याच्या योजनांवर २० वर्षांत ११८ अब्ज डॉलर खर्च होतील. म्हणून बिल, अर्थसंकल्प आणि दरवर्षी प्रसिद्ध होणारे सार्वजनिक लेखे हे तिन्ही समोर ठेवूनच एका योजनेचा खर्च मोजावा.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, ते म्हणजे तारखांचा तक्ता. कागदाच्या डाव्या बाजूला वीज खात्यातील घटना लिहाव्यात आणि उजव्या बाजूला राजकीय घटना. मिसिसागा शहरातील गॅसवर चालणाऱ्या वीजप्रकल्पाचा तक्ता असा मांडला की सारे स्पष्ट दिसते. डावीकडे २४ सप्टेंबर २०११, प्रकल्प हलवण्याची घोषणा. उजवीकडे ६ ऑक्टोबर २०११, प्रांतिक निवडणुकीचे मतदान. मध्ये दोन आठवडेही नाहीत. शिवाय घोषणेनंतरही बांधकाम लगेच थांबले नाही, ते नोव्हेंबरपर्यंत चालूच होते, आणि जो प्रकल्प उभा राहणार नव्हता त्याचा खर्च वाढत राहिला. सरकारने या निर्णयाची किंमत १९ कोटी डॉलर सांगितली होती. महालेखापरीक्षकांनी एप्रिल २०१३ मध्ये ती सुमारे २७.५ कोटी काढली. ओकव्हिल या दुसऱ्या शहरातील गॅस प्रकल्प त्याआधीच, ऑक्टोबर २०१० मध्ये, रद्द झाला होता. त्यासाठी ४ कोटी खर्च आल्याचे सांगितले गेले, तर लेखापरीक्षणात अंदाज ६७.५ कोटींवर गेला.

ओकव्हिलच्या अहवालात आकड्याइतकेच त्याचे कारण वाचण्यासारखे आहे. कंत्राटात सार्वजनिक यंत्रणेला संरक्षण देणाऱ्या तरतुदी होत्या, आणि स्थानिक विरोधामुळे कंपनीला प्रकल्प वेळेत पुरा करणे अवघड जाईल अशी चिन्हेही होती. तरीही प्रीमियरच्या, म्हणजे प्रांताच्या सरकारप्रमुखाच्या, कार्यालयाकडून कंपनीला नुकसान होऊ देणार नाही असे आश्वासन मिळाले आणि त्या तरतुदींचा उपयोग उरला नाही. पक्षपाताचा शोध घेताना नेमकी हीच जागा शोधावी लागते: नियमाने सार्वजनिक पैसा वाचत असताना तो नियम बाजूला कोणी ठेवला. मात्र हेही लिहून ठेवावे की मिसिसागाच्या प्रकल्पाला विरोधी पक्षांचाही विरोध होता. ही गोष्ट लपवली तर टीका एकतर्फी होते आणि तिच्यातले खरे मुद्देही दुबळे पडतात.

गाळलेली पायरी शोधण्यासाठी सॅमसंग करार अभ्यासावा. जानेवारी २०१० मध्ये या कोरियन समूहाशी २,५०० मेगावॉट पवन आणि सौर ऊर्जेचा ७ अब्ज डॉलरचा करार झाला, तोही स्पर्धात्मक निविदा न मागवता. त्यापूर्वी सविस्तर आर्थिक विश्लेषण झाले नव्हते, असे महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालात आहे. पुढे २०१३ मध्ये कराराची क्षमता बरीच कमी करण्यात आली. करार झाला त्या सुमारास छतावरच्या छोट्या सौर संचांना प्रतियुनिट ८०.२ सेंट असा दर २० वर्षांसाठी देऊ केला जात होता. हमीदराच्या या पद्धतीमुळे आधीच्या खरेदीपद्धतीच्या तुलनेत ९.२ अब्ज डॉलर जास्त मोजावे लागतील, असा हिशेब २०१५ च्या अहवालात मांडला आहे. याच प्रांताने २०१४ मध्ये कोळशावरची वीजनिर्मिती पूर्ण बंद केली, ही मोठी गोष्ट आहे. आक्षेप स्वच्छ ऊर्जेला नसून ती खरेदी करण्याच्या पद्धतीला आहे, हे लिहिताना स्पष्ट करावे.

हाच तक्ता पुढच्या सरकारलाही लावावा. जुलै २०१८ मध्ये नव्या सरकारने ७५८ अक्षय ऊर्जा कंत्राटे गुंडाळली आणि ग्राहकांचे ७९ कोटी डॉलर वाचतील असे जाहीर केले. ती गुंडाळण्यासाठी सुमारे २३.१ कोटी डॉलर खर्च आल्याचे २०१९ च्या अखेरीस उघड झाले. आधीच्या सरकारचा भरपाईचा खर्च ज्याने मांडला, त्याने हाही मांडलाच पाहिजे.

आता माणसांकडे यावे. सचोटी आयुक्तांच्या कार्यालयाकडे लॉबिंग करणाऱ्यांची, म्हणजे कोणासाठी तरी सरकारचे मन वळवणाऱ्यांची, नोंदवही आहे. तीत कोणी, कोणासाठी, कोणत्या विषयावर नोंदणी केली ते पाहता येते. राजकीय देणग्यांची माहिती इलेक्शन्स ऑन्टारियो ही प्रांताची निवडणूक यंत्रणा प्रसिद्ध करते. १ जानेवारी २०१७ पासून कंपन्या आणि कामगार संघटना यांच्या देणग्यांवर बंदी आहे, त्यामुळे त्यानंतरच्या काळात व्यक्तींची नावे तपासावी लागतात. इथे घाई करू नये. एकाच नावाची दोन माणसे असू शकतात, आणि देणगी व कंत्राट एकाच वर्षी आले एवढ्यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही. देणगी, भेट, नियमाला दिलेला अपवाद आणि त्यातून झालेला फायदा हे सगळे एका ओळीत बसले तरच संशय व्यक्त करावा, आणि तोही संशय म्हणूनच.

जे कागद उघड नाहीत त्यांच्यासाठी माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज करावा. तो कायदा प्रांतात १९८८ पासून लागू आहे. ‘प्रकल्पाविषयी सर्व माहिती’ असे मागितले तर शुल्क आणि विलंब दोन्ही वाढतात. त्याऐवजी विशिष्ट कंत्राट, विशिष्ट दोन तारखा आणि विशिष्ट कार्यालय लिहावे. कागदच उरलेले नाहीत असे उत्तर आले तर तेही जपून ठेवावे. गॅस प्रकल्पांच्या प्रकरणात ईमेल नष्ट केल्याची दखल गोपनीयता आयुक्तांनी २०१३ मध्ये घेतली होती, आणि त्याच प्रकरणात प्रीमियरचे माजी चीफ ऑफ स्टाफ डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांना २०१८ मध्ये दोषी ठरवून चार महिन्यांची शिक्षा झाली.

लिहायला बसल्यावर प्रत्येक वाक्यापुढे समासात त्याचा आधार लिहावा: लेखापरीक्षण, कंत्राट, विधिमंडळातील साक्ष किंवा स्वतःचे अनुमान. ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता येत नाही ते काढून टाकावे. ‘मतदानाआधी बारा दिवस प्रकल्प हलवण्याची घोषणा झाली आणि सांगितलेल्या खर्चापेक्षा ८.५ कोटी डॉलर जास्त लागले’ हे वाक्य ‘सरकार भ्रष्ट आहे’ या वाक्यापेक्षा कितीतरी जड पडते, कारण त्याला उत्तर द्यायचे तर मंत्र्याला कागद काढावे लागतात. मसुदा तयार झाला की तो संबंधित मंत्रालयाला आणि कंपनीला पाठवावा, उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यावी, आणि आलेले उत्तर पूर्ण वाचून मगच शेवटचा आकडा कायम करावा.