कार्पेटचं कोटेशन दोन मापांवर मागा

फ्लॅटमध्ये किंवा ऑफिसात कार्पेट घालायचं म्हटलं की पणजी काय म्हापसा काय, बहुतेक ठिकाणी "सगळं धरून इतके रुपये स्क्वेअर फूट" असा एकच रेट सांगतात, आणि त्यात माल किती, मजुरी किती ते काही कळत नाही.

यावर उपाय म्हणजे कोटेशन दोन मापांवर मागायचं, माल रोलच्या मापाने आणि मजुरी खोलीच्या मापाने. समजा खोली १०×१४ फूट आहे आणि रोल १२ फूट रुंद, तर १४ फूट लांब कापावा लागणार म्हणजे माल १६८ स्क्वेअर फूट, त्याचे पैसे द्यावेच लागतात, ती काय दुकानदाराची लबाडी नव्हे. पण घालायचं फक्त १४० वर ना, मग मजुरी १६८ वर कशाला द्यायची?

१. आधी रोलची रुंदी विचारा, मग स्वतः टेप लावून खोली मोजा.
२. खालचा फोम, गोंद, दाराची पट्टी, जुनं कार्पेट काढणं, प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून घ्या. शेवटी बिल फुगतं ते इथेच.
३. उरलेला २×१४ चा पट्टा आपला, तो मागून घ्या, पॅसेजला होतो.

फक्त आपल्याकडे पावसाळ्यात तळमजल्यावर घाई नको. आदल्या दिवशी फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवा, दुसऱ्या दिवशी खाली ओल दिसली तर काम पुढे ढकला, कारण गोंद सुटला की मजुरी परत आपल्याच खिशातून जाते.