इझनिक टाइल्स बघायच्या तर रुस्तम पाशा मशीद
इस्तंबूलची गाइडेड टूर घेताय ना, मग गाइडला आधीच सांगून ठेवा की ब्लू मॉस्कसोबत रुस्तम पाशा मशीदपण दाखवा, मसाला बाजाराजवळच आहे पण दुकानांच्या वरच्या मजल्यावर असल्यामुळे खालून जाताना कळतच नाही, जिना चढून जावं लागतं. 16व्या शतकातली, ऑटोमन काळातला मोठा वास्तुकार सिनान याने बांधलेली, तशी छोटीशीच पण आत भिंतीच्या भिंती इझनिक टाइल्सनी (तुर्कस्तानातल्या इझनिक गावच्या रंगीत नक्षीच्या टाइल्स) भरलेल्या! त्यातला टोमॅटोसारखा लाल रंग जरा तिरकं उभं राहून बघा, बाकी रंगांपेक्षा किंचित उठलेला दिसतो, समोरून फोटो मारत सुटलं की नेमकं हेच निसटतं (हात मात्र लावू नका). शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असते, तेव्हा नको. बायकांनी ओढणी जवळ ठेवा आणि मोजे धड घाला, बूट काढावे लागतात.