थंडीत घोडा सांभाळताय? निदान या चुका तरी टाळा

कॅनडातल्या कॅलगरीजवळच्या एका तबेल्यात माझी घोडी ठेवून सात हिवाळे झाले आणि दर नोव्हेंबरला नवीन मंडळी त्याच त्याच चुका करतात. उणे 25 झालं की थंडी आपल्याला वाजते आणि झुली घोड्यावर चढतात, पाण्याच्या टाकीकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही.

"बर्फ आहे की सगळीकडे, खाईल तो" हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अहो, भुसभुशीत बर्फाच्या दहा बादल्या वितळवल्या तर जेमतेम एक बादली पाणी होतं, आणि घोड्याला दिवसाला 25 ते 45 लिटर लागतं. त्यात हिवाळ्यात सगळं सुकं गवत, पाणी कमी पडलं की ते आतड्यात गच्च बसतं आणि मग कॉलिक, म्हणजे घोड्याची पोटदुखी.

मी स्वतः दुसऱ्या हिवाळ्यात टाकीत हीटर टाकला आणि निवांत झालो. तीन दिवस पाण्याची पातळी हलेना, मी म्हटलं थंडीत तहान कमी लागत असेल. चौथ्या दिवशी लीद बघतो तर कडक बारीक गोळ्या, घोडी सारखी वळून पोटाकडे बघतेय, बसतेय, उठतेय. रात्री डॉक्टर आले, नाकातून नळी घालून तेल-पाणी सोडलं. बिल किती आलं ते सांगत नाही, बायको वाचते हे. सकाळी हातमोजा काढून टाकीत बोट घातलं तर बारीक झिणझिण्या! हीटरची वायर सोलली होती. मी रबरी बुटात, ती ओल्या जमिनीवर लोखंडी नालांनिशी, म्हणजे तिला केवढा झटका बसत असेल. (तुम्ही बोट घालू नका, टेस्टर आणा.) तेव्हापासून करंट लीक झाला की बंद पडणारा प्लगच वापरतो, टाकीवर मार्करने रेघ मारलीय, रोज संध्याकाळी ती बघतो आणि खाण्यात दोन चमचे मीठ घालतो.

झुलीचं म्हणाल तर घोड्याचे केस थंडीत उभे राहतात, त्यात हवा अडकते, तीच त्याची गोधडी. वर पातळ झूल टाकली की केस दबतात, म्हणजे उलटंच. म्हातारा, रोडावलेला, किंवा केस कापलेला घोडा असेल तर जाडच झूल घाला, पण रोज खाली हात घालून बरगड्या चाचपा, लांबून गुबगुबीत दिसतो आणि आत हाडं लागतात. ओल्या अंगावर झूल तर कधीच नको.

ऊब यावी म्हणून धान्य वाढवतात लोक. ऊब गवताने येते, ते आतड्यात आंबताना उष्णता निघते. रात्रीचं गवत वाढवा.

तबेल्याची सगळी दारं-खिडक्या बंद करू नका, मुताचा अमोनिया छातीत जातो. लगामाची कडी हातात गरम करून मगच तोंडात द्या. नालात बर्फाचे गोळे अडकतात, रोज खूर साफ करा, आळस नको.

आणि शिनूक! हा गरम वारा आला की दुपारी सगळं वितळतं, रात्री परत गोठतं आणि सकाळी अंगणाची काच झालेली असते. नवे लोक तेव्हाच बर्फ वितळावा म्हणून मीठ फेकतात, मग घोडे ते चाटत बसतात. मी चुलीची राख आणि वाळू टाकतो, फाटकापासून टाकीपर्यंत आधी, बाकीचं नंतर.